मोरकॅमचं रीळ

बेकप, लँकशर
३ नोव्हेंबर १९९५

प्रिय अ‍ॅलेक,

हेटीला शेवटचं पोचवायला तू किरकॉडीहून एवढ्या लांब आलास, आणि मी तुझ्याशी धड दोन शब्द बोललो नाही. लोक होते, सँडविचची ताटं फिरत होती, आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. म्हणून आता लिहितो.

मुद्द्याचं आधी सांगतो. रिळांचा नाद मी सोडला. गुरुवारचा खेळ संपला. तुला ठाऊकच आहे, गेली कित्येक वर्षं दर गुरुवारी आमच्या पुढच्या खोलीत पडदा लागायचा. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या, त्यांचे नवरे झोपायला यायचे, हेटीचा आल्याचा केक असायचा, आणि सगळ्यांच्या मागे प्रोजेक्टरपाशी मी. परवाच्या गुरुवारी सवयीने खुर्च्या मांडल्या. मांडून झाल्यावर लक्षात आलं, की चहा कोण करणार? पुन्हा एकेक उचलून ठेवली.

तेवढ्यात शेजारची अ‍ॅडा क्रॉशॉ दारात. ही तुला आठवत असेल, अंत्यविधीला सगळ्यांत मोठ्याने रडली ती. हेटी आणि ती गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर होत्या. त्या खडखडाटात तोफ उडाली तरी ऐकू यायची नाही, म्हणून तिथल्या बाया नुसत्या ओठांनी बोलायच्या. गिरणी बंद पडली तरी सवय गेली नाही. खेळ चालू असताना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघींच्या बिनआवाजी गप्पा. मला ओ की ठो कळायचं नाही. मी आपला बस डेपोतला मेकॅनिक. अ‍ॅडा म्हणाली, "काय रे, आज खेळ नाही?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरं," आणि गेली.

सगळे डबे मी कडेकडेने काळी टेप लावून घट्ट बंद केले, हवा शिरू नये म्हणून, आणि मागच्या खोलीत रचले. ती भिंत खालच्या मासे-बटाट्याच्या दुकानाच्या धुराड्याला लागून आहे, कायम उबदार. ओल यायची भीती नाही. हेटीचं मोरकॅमचं रीळही त्यातच, सगळ्यात खाली. तेवढं सोडून बाकी सगळं तुझं. ये आणि घेऊन जा. पैशांचं नाव काढू नकोस.

फोन काढून टाकला आहे. तो वाजला की मी "हेटी, बघ गं" म्हणून हाक मारायचो.

तुझा,
क्लिफर्ड

*

किरकॉडी
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय क्लिफ,

नको.

एका शब्दात उत्तर दिलं तर तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतील, म्हणून थोडं अधिक लिहितो. लीड्सच्या मेळाव्यात आपण पहिल्यांदा भेटलो ते एकाच डब्याला दोघांनी हात घातला म्हणून. तूही सोडेनास, मीही सोडेना. शेवटी हेटी मध्ये पडली. "सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. घटस्फोटात मुलं वाटून घेतात तसं." तेव्हापासून आपली टपालाने ने-आण, आणि तेव्हाच तिने नियम घातला: रीळ आधी चालवून पाहायचं, मग डब्यात नाक घालून वास घ्यायचा, आणि मगच पाठवायचं. व्हिनेगरचा वास आला की रीळ मरणाला लागलं, आणि शेजारच्या रिळांना घेऊन जाणार. इतकी वर्षं हा नियम दोघांपैकी कोणी मोडला नाही. आता तू सगळा ढीग उचलून माझ्या अंगावर टाकणार? ते जमायचं नाही. मला हवीत तर एकेक हवीत. चालव, हुंग, पाठव.

आणि काय रे शहाण्या, डब्यांना टेप लावलीस? वर उबदार भिंतीला रचलेस? रीळ म्हणजे लोणचं नव्हे. त्याला थंडी लागते, हवा लागते. बंद डब्यात ते आपल्याच वाफेत कुजतं. ज्यांच्या कडेला तू आवाजाची तपकिरी रेघ चढवून घेतलीस, ती तर सगळ्यांत आधी जातात. ती रेघ म्हणजे शेवटी लोखंडाचा गंज. तेव्हाच सांगितलं होतं, पण तुला हेटीचं बोलणं भरून घ्यायचं होतं, आणि मीही फार ताणलं नाही.

आज उठ आणि टेप काढ. बाकी रडणं-भेकणं काय करायचं ते नंतर कर.

तुझा,
अ‍ॅलेक

*

बेकप
१९ जानेवारी १९९६

प्रिय अ‍ॅलेक,

तू तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. ठीक आहे. सोबत एक रीळ पाठवतो आहे, शिडी आणि चुन्याच्या बादलीची ती जुनी विनोदी फिल्म. चालवून पाहिली. चित्र स्वच्छ, दोन जोड, दोन्ही घट्ट. वास नाही.

इकडे बर्फ पडतं आहे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

क्लिफर्ड

*

किरकॉडी
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय क्लिफ,

रीळ पोचलं. न चालवता परत पाठवतो आहे.

रिळाचं टोक सुटू नये म्हणून तू पूर्वी रबर लावायचास, आणि रबर वितळून चिकटायचं. हेटी जखमेवर लावतात ती गुलाबी पट्टी लावायची. तुमच्या घरून आलेल्या प्रत्येक रिळाला ती असायची, कोपरे नखाने नीट दाबलेली. मी डबा उघडला तर पट्टी जशीच्या तशी. रीळ चालवायचं तर ती फाडावी लागते, बाबा. तू हे चालवलेलं नाहीस.

खोटं बोललास त्याचा राग नाही. पण ती पट्टी मी फाडायची? ते माझं काम नाही.

टेप काढलीस का, याचंही उत्तर दिलेलं नाहीस.

अ‍ॅलेक

*

बेकप
२१ एप्रिल १९९६

अ‍ॅलेक,

उत्तराला उशीर झाला. राग आला होता. अजून आहे.

पकडलंस मला, झालं समाधान? हो, नाही चालवलं. डबा उघडला, पट्टी दिसली, डबा मिटला. सगळ्या रिळांना तीच पट्टी आहे. एक फाडायची म्हणजे तिने लावलेली एक कमी. आणि सगळ्यांत खाली मोरकॅमचं रीळ.

ते तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात, लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत, मोरकॅमच्या किनाऱ्यावर, चावीच्या कॅमेऱ्याने मी ते काढलं. भरती येते आहे, हेटी बूट हातात घेऊन पाण्यात उभी, डोक्यावर ती भयंकर पिवळी टोपी. मागे वळून काहीतरी म्हणते आणि पुढे जाते. दोन वर्षांनी मी आवाजाची रेघ चढवून आणली आणि तिला माईकपुढे बसवलं, स्वयंपाकघरात. मागे किटली शिट्टी मारते तीही भरली गेली आहे. हेटी सांगते, हे कोण, ते कोण, हा माझा नवरा दिसत नाही कारण तो नेहमी त्या कॅमेऱ्याच्या मागे असतो. आणि त्या वळून बघण्याच्या जागी म्हणते, "इथे मी काय म्हणाले ते मी आता सांगणार नाही. त्याने तेव्हाच ऐकायला हवं होतं." वारा होता, लाटा होत्या, कॅमेरा कानाशी घरघरत होता. मला काही ऐकू आलं नव्हतं. आयुष्यभर विचारलं, तिने कधी सांगितलं नाही. खेळात ती जागा आली की सगळ्या बाया खो खो हसायच्या, त्या टोपीला.

तिचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे. दुसरीकडे कुठेही नाही. तो ऐकला आणि ऐकून संपला, तर मग काय उरलं? न ऐकता ठेवला तर निदान आहे. तुला हे कसं कळणार? तू लग्न केलं नाहीस. तुझ्या भिंती डब्यांनी भरलेल्या आहेत, संध्याकाळी एक काढायचा, लावायचा, झोपायचं. तुझं बरं आहे.

टेप काढलेली नाही. काढणार नाही.

क्लिफर्ड

*

किरकॉडी
२ जून १९९६

प्रिय क्लिफ,

पत्र दोनदा वाचलं. लग्न केलं नाही हे खरं. बाकीचं राहू दे.

तू जेवतोस काय, ते कळव. हेटी गेल्यावर मी आलो तेव्हा तुझा कोट तुला मोठा झाला होता.

अ‍ॅलेक

*

बेकप
१४ जुलै १९९६

प्रिय अ‍ॅलेक,

मागच्या पत्रात जास्त बोललो. अ‍ॅडा म्हणते मी अलीकडे भुंकतो. तिच्याशीही भुंकलो, तिने तोंडाने काही न म्हणता ओठांनी मला शिवी दिली. तेवढी मात्र मला वाचता आली.

जेवणाचं विचारलंस. संध्याकाळी खाली दुकानात जातो. तळलेला मासा, बटाटे, वर भरपूर मीठ आणि व्हिनेगर. कागदात गुंडाळून वर आणतो आणि मांडीवर ठेवून खातो. रोज. भांडी पडत नाहीत. हेटी असती तर कागदातून खाऊच दिलं नसतं. सध्या मात्र वांधा झाला आहे. गावाच्या वार्षिक सुट्टीचे दोन आठवडे, दुकान बंद, मालक बायको-पोरांना घेऊन समुद्रावर. मी पाव आणि चीज खातो आहे. वास मात्र गेलेला नाही, जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहिलं की अजून मासे-बटाटे आणि व्हिनेगर. भिंतींत मुरला आहे. रोज नाक भरून घेतो आणि पाव खातो, फुकटची चैन.

आता खरी बातमी. तू एकेक म्हणतोस, पण मला एकेक जमणार नाही. डेपोतल्या एका जुन्या सोबत्याची व्हॅन मिळते आहे. येत्या सत्तावीस तारखेला, शनिवारी, सगळे डबे घालून तुझ्या दारात आणतो. मोरकॅमसुद्धा. माझ्यापेक्षा ते तुझ्याकडे नीट राहील. दारात आलेलं तू परत पाठवणार नाहीस, एवढा मी तुला ओळखतो. चहा टाकून ठेव.

तुझा,
क्लिफर्ड

*

किरकॉडी
१६ जुलै १९९६

क्लिफ,

हे पत्र उभ्या उभ्या वाच आणि वर जा.

दुकान बंद आहे. तू पाव खातो आहेस. मग जिन्यात व्हिनेगर कुठून आलं? ते मासे-बटाटे नाहीत, क्लिफ. मागची खोली आहे ती. रोज संध्याकाळी मांडीवर व्हिनेगर घेऊन बसलास म्हणून तुझ्या नाकाला फरक कळला नाही. खिडक्या उघड, सगळ्या टेपा काप. ज्या डब्यांना वास आहे ते अंगणात, ज्यांना नाही ते पुढच्या खोलीत. आवाजाची रेघ असलेली रिळं आधी बघ. मोरकॅमचं प्रोजेक्टरला लावू नकोस. आक्रसलं असलं तर दातांवर बसणार नाही, फाटेल. आधी अ‍ॅडाला हाक मार, एकट्याने करू नकोस.

आणि व्हॅन आणू नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवणं आता पुरे. माझं ते घर गेलं. दोन वर्षं झाली, मी म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात राहतो. तुझी पत्रं पोस्टवाले जुन्या पत्त्यावरून इकडे वळवतात. एक खोली, एक खिडकी, समोर समुद्र. खालून वॉर्डन घंटी वाजवून विचारते, अजून जिवंत आहात का. डबे एका व्यापाऱ्याने एका सकाळीत उचलून नेले. त्याने एकाही डब्यात नाक घातलं नाही. भिंती मोकळ्या झाल्या त्या दिवशी मी बाहेर बाकावर जाऊन बसलो आणि जेवायला आत गेलो नाही. तुला सांगणार होतो. मग हेटी आजारी पडली, आणि ती वेळ माझी नव्हती.

प्रोजेक्टर तेवढा ठेवला आहे, पलंगाखाली. तुझ्याकडून एकेक मागत होतो ते तुला खुर्चीतून उठवायला, हे खरं आहे. पण मलाही काहीतरी लावायला हवं होतं.

आता जा वर.

अ‍ॅलेक

*

बेकप
३० जुलै १९९६

प्रिय अ‍ॅलेक,

तू म्हणालास तेच निघालं.

तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि अ‍ॅडाला हाक मारली. ती एप्रनवरच आली, वरच्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "हा वास गेले कित्येक महिने येतोय. मला वाटलं तू आंघोळ सोडलीस."

आम्ही टेपा कापायला सुरुवात केली. डब्यामागून डबा. काही चांगले होते, उघडले तर नुसता जुन्या मेणाचा वास, ते अ‍ॅडा छातीशी धरून पुढच्या खोलीत नेत होती. आवाजाची रेघ असलेलं मात्र एकही वाचलं नाही. काही वाकडीतिकडी होऊन डब्याच्या आकाराबाहेर आली होती, काही एकमेकांना चिकटून लाकडासारखी झाली होती. त्यांच्या शेजारचीही गेली. अंगणातला ढीग आतल्यापेक्षा मोठा झाला. नगरपालिकेच्या माणसाने तो नेताना विचारलं, "आजोबा, लोणच्याचा कारखाना होता काय?" तो चेष्टेने म्हणाला, त्याचा दोष नाही.

मोरकॅम शेवटी उघडलं. वास इतका तिखट, की डोळ्यांतून पाणी आलं. वासामुळेच आलं असं मी अ‍ॅडाला सांगितलं. तिने एप्रनच्या टोकाने आपलेही डोळे पुसले. गुलाबी पट्टी मला फाडावी लागली नाही, ती आपोआप सुटून डब्याच्या तळाशी पडली होती. रीळ मांडीवर घेऊन पहिले दोन वेढे उलगडले, तर कडेची तपकिरी रेघ सुटून आली. भुगा झाला होता. ती रेघ म्हणजे तिचा आवाज, अ‍ॅलेक. किटली, आणि "हा माझा नवरा दिसत नाही", सगळं माझ्या पँटवर पडलं होतं. मी ते झटकलं नाही. अंधार पडेपर्यंत तसाच बसून राहिलो. मग अ‍ॅडाने ओला कपडा आणला आणि म्हणाली, "उठ, पुसते." मी उठलो.

मला वाटलं होतं मी तिला जपतो आहे. मीच तिला कोंडून मारलं. हे दुसऱ्या कोणाला लिहू? बाकी लोक म्हणतील, म्हातारा एका फितीसाठी रडतो.

तुझ्या खोलीचं वाचून फार वाईट वाटलं. आणि मी तुला म्हटलं होतं, तुझं बरं आहे.

उरलेली चांगली रिळं पुढच्या खोलीत आहेत. खिडक्या उघड्या आहेत. मोरकॅमचं मात्र काय करू? शुक्रवारी पुन्हा कचऱ्याची गाडी आहे.

क्लिफर्ड

*

किरकॉडी
१ ऑगस्ट १९९६

प्रिय क्लिफ,

फेकू नकोस! हे पत्र गाडीनंतर पोचलं तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही, म्हणून मी तुझ्या अ‍ॅडाला तारही पाठवली असती, पण पोस्टातल्या मुलीने सांगितलं की तार बंद होऊन जमाना झाला. तेव्हा तिने सुचवलं तसं कोपऱ्यावरच्या फोनवरून तुमच्या मासे-बटाट्याच्या दुकानात फोन केला. मालक मोरकॅमहून परत आला आहे, हाही योगायोगच. त्याला म्हटलं, वरच्या म्हाताऱ्याला सांग, रीळ ठेव. तो म्हणाला, व्हिनेगर हवं का? मी म्हटलं, आहे तेवढं पुरे!

निरोप मिळाला असेल असं धरून पुढे लिहितो. आवाज गेला, तो आता कोणी आणून देणार नाही. खोटी आशा दाखवत नाही. पण चित्र अजून असेल. तुझ्याकडे जोडकाम करायचं हातयंत्र आहे, दोन्ही बाजूंना फिरवायच्या मुठी आणि मध्ये पोस्टकार्डाएवढी काच. त्याला दात नाहीत, ओढणारं काही नाही. रीळ आधी दोन-चार दिवस सैल करून सावलीत ठेव, वारं लागू दे. मग हलक्या हाताने, तुटलं तर तुटू दे, जोडायला बसायचं नाही. जिथे हवं तिथे थांबता येतं. प्रोजेक्टरवर थांबलं तर दिवा फिल्म जाळतो, म्हणून आपण जन्मात कधी थांबलो नाही.

तू तिला मारलंस वगैरे लिहू नकोस. कोंडलंस खरं. घरात एकटा माणूस दारं-खिडक्या लावूनच बसतो. मी तर विकून मोकळा झालो, त्याला काय म्हणशील?

काय दिसलं ते कळव. सावकाश कळव, पण कळव.

अ‍ॅलेक

*

बेकप
१५ सप्टेंबर १९९६

प्रिय अ‍ॅलेक,

निरोप मिळाला होता. मालक पिठाचे हात घेऊन वर आला आणि म्हणाला, "स्कॉटलंडहून कोणी वेडा म्हणतो, रीळ ठेव." डबा तेव्हा दाराशी होता. अजून आहे, वर, खिडकीत.

तू म्हणालास तसं केलं. तरी हिंमत व्हायला महिना गेला. परवाच्या बुधवारी दुपारी हातयंत्र टेबलावर मांडलं आणि अ‍ॅडाला बोलावलं. माझी नजर आता बारीक कामाची राहिली नाही, हे एक कारण. दुसरं, एकट्याने करू नकोस असं तू लिहिलं होतंस.

रीळ कडकड वाजत होतं, वाळलेल्या पानासारखं. चार ठिकाणी तुटलं. पण रंग, अ‍ॅलेक! रंग जसेच्या तसे. पाणी, वाळू, ती पिवळी टोपी. मी मूठ फिरवत होतो आणि त्या पोस्टकार्डाएवढ्या काचेत हेटी चालत होती, माझा हात जितका चालेल तितकीच. त्या कडकडीशिवाय खोलीत कसलाच आवाज नव्हता, तिचाही नव्हता. ती जागा आली. ती वळली. मी हात थांबवला.

अ‍ॅडा म्हणाली, "मागे घे. आता हळू पुढे." मग नेहमीच्या आवाजात, दुधाचा हिशोब सांगावा तसं म्हणाली, "'क्लिफ, ठेव ते खाली. माझ्याबरोबर पाय तरी बुडव.'"

मी म्हटलं, "काय?"

"हेच म्हणते ती. तुला ठाऊक नव्हतं?"

"कसं असणार? मला कुठे ओठ वाचता येतात!"

"अरे देवा," अ‍ॅडा म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही तिथे कशाला हसतो असं वाटलं तुला?"

"टोपीला."

"टोपी चांगली होती. हेटीने आम्हाला शपथ घातली होती, त्याला सांगायचं नाही, त्याचं त्याला कळू दे म्हणून. ती म्हणते ठेव खाली, आणि चित्र आपलं चालूच राहतं. तू काही ठेवलं नाहीस. म्हणून हसायचो."

पुढे मी मूठ फिरवली नाही. अ‍ॅडानेच फिरवली. हेटी क्षणभर थांबते, वाट बघते, मग खांदे उडवते आणि एकटीच पुढे पाण्यात जाते. ते खांदे उडवणं मी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि मला ते गमतीचं वाटायचं.

मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं आहे आणि आता ते जायचं नाही. मी कॅमेरा ठेवला असता तर आज त्या काचेत काही दिसलं नसतं, असंही अ‍ॅडा म्हणाली. ते खरं आहे. पण तिचे पाय तिथे एकटे आहेत, हेही खरं आहे. दोन्ही धरून बसतो आणि कुठलं जड ते कळत नाही.

अ‍ॅडा जाताना दारात म्हणाली, "उद्या गुरुवार आहे." मी म्हटलं, "केक नाही." ती म्हणाली, "मी आणते. माझा दगडासारखा होतो, पण बुडवून खाता येतो." मग काय करणार? खुर्च्या मांडल्या. सहा बाया आल्या, पूर्वीच्या निम्म्याही नाहीत. एकीचा नवरा आला आणि पहिल्याच मिनिटाला झोपला. आत उरलेल्या डब्यांतून तूच परत पाठवलेली ती शिडी आणि चुन्याची बादली काढली. गुलाबी पट्टी होती. ती मी फाडली. फाडताना आवाज झाला तेव्हा सगळ्या बायांनी एकदम मागे वळून पाहिलं, अ‍ॅडानेच त्यांना सांगून ठेवलं असणार.

प्रोजेक्टर सुरू केला. मग पहिल्यांदाच तो तसाच चालू सोडला, पुढे गेलो आणि अ‍ॅडाच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. ती खुर्ची रिकामीच होती, तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. तिथून चित्र किती मोठं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. मध्येच वेढा सैल झाला आणि चित्र थरथरायला लागलं, तरी मी उठलो नाही. आपोआप ठीक झालं. बादली पडली तेव्हा मी हसलो. घरी जाताना एकीने विचारलं, पुढच्या गुरुवारी काय आहे, आणि मी विचार न करता उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डबे उघडून एकेकात नाक घालत होतो. त्यात कुठे जोड सुटला आहे, कुठे धूळ आहे, भरपूर काम आहे.

तेच रीळ सोबत पाठवतो आहे. तुझ्या वसतिगृहाच्या बैठकीत लाव, वॉर्डनबाईंना विचारून. सहा महिने तुझं, मग परत कर, म्हणजे दुसरं पाठवीन. चालवून पाहिलं आहे. चित्र स्वच्छ, दोन जोड, एक मी नव्याने केला. वास घेतला आहे, नाही. गेला महिनाभर मी मासे-बटाटे खाणं बंद केलं आहे, तेव्हा नाकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

टोकाला गुलाबी पट्टी आहे. ती मी लावलेली आहे, म्हणून वाकडी. तू बिनधास्त फाड.

तुझा,
क्लिफ